न झोंबलेला थेंब

"झोंबेल त्याची भीती धर, धावत जाऊन पाणी भर;
झोंबत नाही, मुकं राही, त्याला भ्यायचं कारण नाही!"

बाबांचा आवाज मला आजही वाफेतूनच ऐकू येतो. ते साबणाच्या कढईवर होते. शाळा सुटली की ताई माझा हात धरून मला कारखान्याच्या दाराशी आणायची. बाबा लांब दांड्याचं वल्हं फिरवता फिरवता आतूनच हे गाणं म्हणायचे. आम्हाला शिकवण म्हणून आणि स्वतःला विरंगुळा म्हणून. वाफेत त्यांचं तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा.

साबण झाला की नाही हे पाहायला बाबांकडे कुठलं यंत्र नव्हतं. वल्ह्याच्या टोकावरचा कण फुंकून गार करायचे आणि जिभेच्या शेंड्याला लावायचे. चिमटा बसला तर खार शिल्लक आहे, जाळ चालू ठेवायचा. नाही बसला तर कढई उतरवायची. त्यांची सगळी विद्या त्या एका चिमट्यावर उभी होती. जे दुखवतं ते सांगून दुखवतं, असा त्यांचा जगावर विश्वास होता. तोच त्यांनी आम्हा दोघींना दिला. दुसरं द्यायला फारसं काही नव्हतंच.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची आणि ताई अकराची. बाबांचे हात कायम ओले, भेगाळलेले. प्रगतिपुस्तक हातात घेतलं तर पान फाटायचं. म्हणून माझ्या प्रगतिपुस्तकावर पालकांची सही ताई करायची. पुढे माझ्या रजेच्या अर्जावर, फॉर्मवर, जिथे म्हणून माझं नाव लागेल तिथे मी म्हणायचे, "ताई, तूच कर ना गं." ती करायची. माझी सही तर तिनेच मला शिकवली. "खारुटे, तुझ्यापेक्षा मला बरी जमते तुझी सही," ती हसून म्हणायची. लहानपणी मी खारीसारखे शेंगदाणे उशीखाली साठवायचे, तेव्हापासून मी तिची खारुटी.

तिचं लग्न जमलं नाही आणि माझं टिकलं नाही. दोन खोल्या, दोन खाटा, एक आरसा. आरशावरून मात्र रोज भांडण.

कढया कधीच गेल्या. बाबाही गेले. त्याच पत्र्याखाली आता फरशी पुसायचं द्रव्य बनतं. मी खाली बाटल्या भरण्याच्या ओळीत असते आणि ताई वर तपासणीच्या खोलीत. कुठलंही नवं रसायन आलं की त्याच्यासोबत एक माहितीचा कागद येतो. अंगावर सांडलं तर काय, डोळ्यात गेलं तर काय, जमिनीवर सांडलं तर आधी वाळू टाकायची की पाणी. तो कागद ताईने वाचायचा, सोप्या भाषेत आम्हा बायकांना सांगायचा आणि रजिस्टरात आमच्या सह्या घ्यायच्या. हे तिचं काम. ती ते फार छान करायची, हेही सांगितलं पाहिजे. "काळं" आलं तेव्हा तिने आम्हाला जमिनीवर बसवून दाखवलं होतं. काळं म्हणजे काकवीसारखं दाट, तपकिरी आम्ल. त्यात पाणी ओतायचं नाही. खाराच्या पाण्यात तेच बारीक धारेने सोडायचं, नाहीतर उसळतं. "काळं म्हणजे सासूबाई," ताई म्हणाली होती. "हळूहळू घरात घ्यायचं आणि तोंडाला तोंड द्यायचं नाही." सगळ्या हसल्या, आणि एकीलाही आजवर काळ्याने भाजलं नाही.

मग निळे ड्रम आले.

त्यातलं द्रव्य साखरेच्या पाकासारखं. रंग नाही, वास नाही. बोटांत धरलं तर बुळबुळीत, गार. त्याने फेस कमी आणि सफाई जास्त, म्हणून साहेबांना ते आवडलं. बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. "ही तर गोगलगाय! बघा कशी मुकाट बसलीय."

"आणि पोटात पाय असले तर?" मी म्हटलं.

"असले तर असले. आपल्या पोटात काय कमी आहे? चला, झाकणं द्या."

कागद वाचायला कुणी खाली आलं नाही. मला वाटलं, साधंच असेल. साध्याला काय वाचायचं?

त्या सकाळी मी ड्रमला हातपंप लावून बादली भरत होते. नळी जुनी होती. दांडा खाली दाबला आणि नळी तोंडापाशी सुटली. एक फटकारा उजव्या डोळ्यात आला. मी डोळा मिटला आणि वाट पाहिली. पुढच्या क्षणी आग होईल, मी धावेन. डोळे धुवायचा नळ कोपऱ्यात होता, पण त्याच्यापुढे रिकामे ड्रम रचलेले. कुठून वाट काढायची हेसुद्धा मी ठरवून ठेवलं.

आग झालीच नाही. डोळा उघडला तर सगळं जागच्या जागी. मावशी म्हणाल्या, "गेलं का गं डोळ्यात?"

"गेलं. पण झोंबलं नाही."

"मग पाणीच म्हणायचं."

मी बाहीने डोळा टिपला आणि पुन्हा दांडा हाती घेतला. दोन तास भरलं.

जेवायला आम्ही सगळे एकाच लांब बाकावर बसतो. खालच्या बायका, वरची ताई आणि टोकाला घड्याळमामा. ते आमचे पर्यवेक्षक. बोलले तर वेळच बोलतात, म्हणून हे नाव. "बारा बत्तीस," ते म्हणाले, म्हणजे बसा. मी ताईला म्हटलं, "अगं, आज गंमत झाली. गोगलगाय डोळ्यात उडाली. आणि झोंबलीसुद्धा नाही!"

ताईचा घास हातात राहिला. तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डोळ्यात पाहिलं. मग एकदा बाकाच्या टोकाकडे पाहिलं.

"फार लाल नाही," ती म्हणाली. "जेवून झालं की धुऊन टाक पाण्याने."

मी जेवले. उठताना मगभर पाणी डोळ्यावर मारलं. "बारा अठ्ठावन्न," घड्याळमामा म्हणाले.

चार वाजता दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसू लागली. घरी पोचेपर्यंत रस्त्यावर धुकं होतं आणि ते फक्त माझ्या उजव्या बाजूला होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दुखायला लागलं, आणि असं दुखायला लागलं की मी खाटेचा दांडा दातात धरला.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळा रंग घातला, आणि निळा दिवा लावून पाहिलं. ताई माझ्या मागे उभी होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

"बुबुळावरचा काचेसारखा पडदा असतो ना, तो भाजलाय," त्या म्हणाल्या. "ताबडतोब धुतला का नाही?"

"झोंबलं नाही हो."

"म्हणूनच विचारतेय. या जातीची काही द्रव्यं डोळ्याला बधिर करतात. डोळा भाजत असतो आणि त्याला सांगताच येत नाही. झोंबो न झोंबो, त्याच क्षणी वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं धरायला हवा होता. माहितीच्या कागदावर लिहिलेलं असतं हे. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"

"नाही," मी म्हटलं.

माझ्या खांद्यावरचा हात तसाच होता. फक्त जड झाला.

"दिसेल ना हो?" मी विचारलं.

"थेंब घालत राहा. महिनाभराने बघू. डाग राहिला तर धूसरच दिसेल. आणि हे मला वर कळवावं लागेल. कामावरची इजा आहे."

पाचव्या दिवशी मी डोळ्यावर पट्टी बांधून रजेचा कागद द्यायला कारखान्यात गेले. घड्याळमामांनी मला खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती. मग टेबलावरचं रजिस्टर फिरवून माझ्यापुढे सरकवलं.

"मी तुमच्याच बाजूचा आहे," ते म्हणाले. "पण कागद तो कागद. वाचा."

एका डोळ्याने मी वाचलं. निळ्या ड्रममधील द्रव्याची माहिती मिळाली. डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा मिळाला. डोळ्यात गेल्यास, वेदना नसली तरी, पंधरा मिनिटे धुण्याचे समजले. खाली सहा सह्या. चौथी माझी.

"चष्मा?" मी म्हटलं. "कुठला चष्मा, मामा?"

"येतायत. मागवलेत. बाकीच्या पाचजणींनी सही केलीच ना."

बाकीच्या पाचजणींना मी बाहेर विचारलं. मावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, ते होय! सुट्टीची घंटा झाल्यावर रजिस्टर फिरवलं. मामा म्हणाले, पाच एकोणतीस, बस चुकेल. कोण वाचतंय? मी तर उभ्याउभ्या फटकारा मारला. तू नव्हतीस का त्या दिवशी?"

नव्हते. सहीपुढे तारीख होती, आणि त्या तारखेला मी तापाने घरी पडले होते. कामावर निघताना ताईनेच माझ्या कपाळावर ओली घडी ठेवली होती. संध्याकाळी येऊन तीच बदलली होती. मधल्या वेळात त्याच हातांनी तिने ही सही केली होती. सुरेख सही. माझ्यापेक्षा बरी.

आतून साहेब बाहेर आले. मला पाहून ते चुकचुकले. "वाईट झालं. पण सांगूनही माणूस निष्काळजीपणा करतो, त्याला कारखाना काय करणार? गुरुवारी सरकारी तपासणीच्या बाई येणार आहेत. रजिस्टरात आहे तेच सांगा, म्हणजे फाटे फुटणार नाहीत."

सांगूनही. हा शब्द मी घरी आणला. सांगितलं होतं की नव्हतं, एवढाच आता प्रश्न होता. डोळ्याचं व्हायचं ते होईल. पण रजिस्टर खरं ठरलं तर आयुष्यभर मीच माझा डोळा फोडला असं होणार होतं. आणि खाली मावशी उघड्या डोळ्यांनी गोगलगाय भरत राहणार होत्या.

ताईने थेंबांच्या वेळा कागदावर लिहून आरशाशेजारी चिकटवल्या होत्या. दर दोन तासांनी ती माझं डोकं मांडीवर घ्यायची, दोन बोटांनी पापणी उघडायची आणि थेंब सोडायची. कामावरून तिने रजा घेतली होती. रात्री घालायच्या थेंबासाठी गजर लावून उठायची. माझ्या आवडीचं रांधायची, केस विंचरायची. तिच्या मायेत कणभर खोट नव्हती. तेच तर सोसत नव्हतं. खोटी असती तर झटकता आली असती.

मी वाट पाहत होते. उद्या सांगेल. नाही, आज संध्याकाळी सांगेल. मी दारं उघडी ठेवत गेले.

"ताई, पंधरा मिनिटं म्हणजे किती वेळ असतो गं?"

"म्हणजे?"

"डोळा धुवायचा असेल तर."

"हलू नकोस. थेंब गालावर जातोय."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "मी रजिस्टर बघितलंय."

तिचा हात केसांतून फिरता फिरता थांबला नाही. "डोळ्याला ताण देऊ नकोस म्हणून सांगितलंय ना तुला?"

"माझी सही फार छान आलीय."

ती फणी घेऊन उठली आणि बराच वेळ तिच्यातले केस काढत मोरीपाशी उभी राहिली. तिची पाठ माझ्याकडे होती. मला वाटलं, आता वळेल. ती वळली आणि म्हणाली, "दूध घेतेस का?"

बुधवारी मी थेंब स्वतः घातले. तीन वाया गेले, चौथा पडला. ती दारात उभी राहून पाहत होती. "दे इकडे, खारुटे."

"जमेल मला."

"हट्ट करू नकोस."

"सही तू केलीस, थेंब तरी मला घालू दे."

बोलले. तोंडातून गेलंच. ती चौकटीला टेकली. मी वाट पाहिली, त्या सकाळी नळी सुटल्यावर पाहिली होती तशीच. पण ती चपला घालून बाहेर गेली आणि तासाभराने भाजी घेऊन आली. त्या रात्री आम्ही दोघी आपापल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलो. आरशावरूनसुद्धा भांडलो नाही.

गुरुवारी साहेबांच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. तपासणीच्या बाई उंच, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आधी खाली जाऊन ड्रम पाहिले होते, नळापुढचे रिकामे ड्रम पाहिले होते. आता रजिस्टर त्यांच्या मांडीवर होतं. साहेब, घड्याळमामा, मी आणि ताई. ताई कामावरच्या पांढऱ्या डगल्यात होती. तिने मला सकाळी रस्ता ओलांडताना हात दिला होता आणि मी तो घेतला नव्हता.

"माहिती कोण देतं?" बाईंनी विचारलं.

"मी," ताई म्हणाली.

"या द्रव्याची दिली होती?"

"रजिस्टरात आहे तसं." तिचा आवाज तिचा वाटलाच नाही. घड्याळमामांनी मान डोलावली.

बाई माझ्याकडे वळल्या. "ही सही तुमची?"

खोलीत पंखा फिरत होता. मला आधी राग आला होता, खरंच सांगते, फार राग. वाटलं होतं, इथे उभं राहून तिचं नाव घेईन. पण समोर डगल्याच्या खिशात तिने मुठी आवळल्या होत्या, आणि पाच वर्षांच्या पोरीच्या प्रगतिपुस्तकावर वाकलेली अकरा वर्षांची मुलगी मला दिसायला लागली. बाबांची सही गिरवताना ती जीभ बाहेर काढायची. ती मुलगी मला विकणार नाही असं मी धरून चालले होते. बाबा चिमट्यावर विसंबायचे, तशी मी तिच्यावर.

"नाही," मी म्हटलं. "ही सही माझी नाही. त्या दिवशी मी तापाने घरी होते."

"तारीख मागेपुढे होते हो," साहेब घाईने म्हणाले. "पाच-सहा जणींचं रजिस्टर, एखादीची सही दुसऱ्या दिवशी..."

"हजेरीपुस्तक आणता?" बाई घड्याळमामांना म्हणाल्या. मामांनी मनगटाकडे पाहिलं, पण वेळ सांगितली नाही. उठून गेले.

"मग सही कुणाची?" बाईंनी मला विचारलं.

"ते मला नका विचारू."

"कुणाला विचारू?"

मी ताईकडे पाहिलं नाही. पट्टीची बाजू तिच्याकडे होती, तशीच राहू दिली. माझं सांगून झालं होतं. मला तिच्यावर ढकलायचं नव्हतं आणि तिला झाकायचंही नव्हतं. हे दोन्ही एकाच वेळी करणं किती कठीण असतं, ते पंख्याच्या त्या चारपाच फेऱ्यांत मला कळलं.

"मी केली," ताई म्हणाली.

"अहो, तुम्ही जरा..." साहेब म्हणाले.

"सही मी केली. चष्मे आले नव्हते, आणि साहेब म्हणाले, आत्ता वाचून दाखवलंत तर बायका हात लावणार नाहीत, माल अडकेल. चष्मे आले की वाचा, रजिस्टर तेवढं पुरं करून ठेवा. मी ठेवलं. कागद माझ्या खणात आहे. कुलपात. मी आणून देते."

बाई लिहू लागल्या. मला वाटलं, संपलं. एवढं तर मला माहीतच होतं. पण ताई खाली बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून ती माझ्या उघड्या डोळ्यासमोर आली, आणि बाईंशी बोलायचं सोडून माझ्याशी बोलायला लागली.

"सहीचं नाही गं. सहीचं तर तुला कळलंच होतं. त्या दिवशी जेवताना तू हसत सांगितलंस ना, झोंबलं नाही म्हणून. तेव्हा थेंब उडून दोनच तास झाले होते. तो कागद मला पाठ होता, खारुटे. वेदना नसली तरी, असं त्यात मोठ्या अक्षरांत होतं. तुझा डोळा भाजतोय हे मला तिथेच, घास हातात असतानाच कळलं. उठून तुला नळाखाली धरावं असं मनात आलं. पण धरलं असतं तर मामांसमोर बायकांनी विचारलं असतं, काय झालं, कशावरून एवढं. आणि कागद बाहेर आला असता. म्हणून मी म्हटलं, जेवून झालं की धू. मी तुला जेवू दिलं."